प्रस्तावना: एकाच ताटाला दोन सल्ले

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला घरी सोडताना सांगितलं जातं: पालेभाज्या वाढवा, फळं खा, डाळी-उसळी रोज घ्या, मीठ कमी करा. पुढे काही वर्षांनी मधुमेहामुळे त्याच माणसाची मूत्रपिंडं थकली, की दुसरा कागद हातात येतो: भाजी उकळून पाणी टाकून द्या, शहाळं बंद, केळं बंद, डाळ मोजून. दोन्ही कागद बरोबर असतात. पण आजारी माणूस एकच, त्याचं ताट एकच, आणि त्या दोन कागदांचा मेळ घालून रोजचा स्वयंपाक ठरवणारी व्यक्तीही बहुतेक घरांत एकच असते. हे पुस्तक तिला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

मी राहते त्या दिलसुखनगरमध्ये पालेभाजीला तोटा नाही. जवळच्या सरूरनगरच्या रैतु बाजारात तोटकूरा, पालकूरा, गोंगूरा, चुक्ककूरा, बच्चलीकूरा, मेंतीकूरा, गंगवायली अशा जुड्यांचे ढीग असतात. म्हणजे आपले माठ, पालक, अंबाडी, चुका, मायाळू, मेथी आणि घोळ. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, आणि आजही नांदेड, देगलूर, उदगीरकडची माणसं मोठं दुखणं निघालं की हैदराबाद गाठतात. इथल्या रुग्णालयातून त्यांना मिळणारा आहारतक्ता इंग्रजीत किंवा तेलुगूत असतो. तो घेऊन माणसं गावी परततात आणि घरच्यांना त्यातलं निम्मं लागत नाही. मराठीत, दख्खनच्या भाज्या-डाळींना धरून, हृदय आणि मूत्रपिंड या दोघांचा एकत्र विचार करणारं काही असावं, ही गरज मला या माणसांमुळे जाणवली.

वरच्या यादीतली घोळ घ्या. शेतात आपोआप उगवणारी, आंबूस, जाड पानांची. अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ गटातलं स्निग्धाम्ल पालेभाज्यांमध्ये हिच्यात ठळकपणे जास्त असतं, म्हणून हृदयासाठी ती मोलाची. तिच्यातच ऑक्झलेटही भरपूर असतं, आणि मूत्रपिंडातले बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. शिवाय पोटॅशियम आहेच. मग घोळ चांगली की वाईट? कुणाची मूत्रपिंडं, किती भाजी आणि कशाबरोबर शिजवलेली, हे विचारल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. वनस्पती ही रसायनं आपल्यासाठी बनवत नाहीत. पानातलं ऑक्झलेट कॅल्शियम साठवायला आणि किडीला दूर ठेवायला असतं, पॉलिफेनॉल उन्हापासून राखायला, अल्कलॉइड खाणाऱ्याला परतवायला. आपण ती खातो तेव्हा त्यांचं काय होईल हे आपल्या आतड्यावर, यकृतावर आणि शेवटी मूत्रपिंडावर ठरतं.

आपल्याकडे या विषयाचा विचार फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी द्रव्यांचे दहा-दहाचे पन्नास गट दिले आहेत. त्यातल्या हृद्य गटात आंबा, आंबाडा, लकुच, करवंद, वृक्षाम्ल म्हणजे कोकम, अम्लवेतस, बोरांच्या दोन जाती, डाळिंब आणि महाळुंग आहेत. सगळी आंबट फळं. लघवी साफ करणाऱ्या गटात गोखरू, पाषाणभेद, दर्भ, कुश येतात. त्याखाली लोकांच्या अनुभवाचा दुसरा थर आहे: मूतखड्यावर हुलग्याचं कढण, पायाला सूज आली की घेटुळीची म्हणजे पुनर्नव्याची भाजी. या ज्ञानाबद्दल मला आदर आहे, आणि तो आदर तपासणीच्या आड येऊ नये असंही वाटतं. लिंबू-महाळुंगात सायट्रेट असतं, आणि लघवीतलं सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवून खडा धरू देत नाही, हे आज पक्कं ठाऊक आहे. हुलग्याने तयार खडा विरघळतो, असं म्हणण्याइतका पुरावा माणसांवरच्या चाचण्यांत नाही. कढणाबरोबर पोटात जाणारं जास्तीचं पाणी खडेवाल्याला नक्की उपयोगी पडतं. पण मूत्रपिंडं निकामी होत आलेल्या माणसाला हेच कढण वाटीवाटीने पाजलं, तर त्यातलं पोटॅशियम त्याच्या अंगावर येतं.

आधुनिक काळातली पहिली मोठी शाखा वनस्पतीतून एकच द्रव्य वेगळं काढून त्याचं औषध करणाऱ्यांची. १७८५ साली इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग यांनी डिजिटॅलिसच्या पानांचा जलोदरावरचा उपयोग आणि धोका, दोन्ही नोंदवून प्रसिद्ध केले. किती मात्रेला औषध संपतं आणि विष सुरू होतं, हा त्यांचा खरा प्रश्न होता. या शाखेतलं एक थोर काम मुंबईत झालं. डॉ. रुस्तम जल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा परिणाम ५० रुग्णांवर पाहून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि सगळ्या जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. वकिलांच्या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांची शिस्त. पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली मुळी त्यांनी मोजून दिली, रक्तदाब मोजला, त्रास झाला तोही लिहिला.

दुसरी शाखा अन्नाकडे पाहणाऱ्यांची, आणि तिचं भारतातलं घर हैदराबादेतच आहे. १९१८ साली रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी कुन्नूरला बेरीबेरीच्या शोधासाठी छोटं केंद्र सुरू केलं. पुढे त्यांनी निकस आहारावर वाढवलेल्या उंदरांत मूतखडे कसे होतात, याचाही अभ्यास केला. त्या केंद्राची न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज झाली, १९५८ मध्ये ती हैदराबादला तार्नाक्याजवळ आली तेव्हा डॉ. व्ही. एन. पटवर्धन संचालक होते, आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. या शाखेपुढचा प्रश्न कुपोषणाचा होता. लोह कमी, जीवनसत्त्वं कमी, प्रथिनं कमी. साहजिकच फायटेट, ऑक्झलेट, टॅनिन ही द्रव्यं तिथे पोषणाची मारेकरी ठरली, कारण ती लोह, जस्त, कॅल्शियम अंगी लागू देत नाहीत. भाजीचं पाणी टाकू नका, डाळीचं पाणी टाकू नका, हा धडा याच काळात शाळांच्या गृहविज्ञानाच्या पुस्तकांपर्यंत पोहोचला. उपाशी देशासाठी तो योग्यच होता.

आता त्याच फायटेटकडे मूत्रपिंडाच्या बाजूने पाहा. डाळी आणि कडधान्यांतलं बरंचसं फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेलं असतं. ते सोडवणारं विकर माणसाच्या आतड्यात नगण्य असल्याने त्यातला मोठा हिस्सा शोषलाच जात नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या रक्तात फॉस्फरस साचतं, रक्तवाहिन्या कडक होतात आणि त्याचा फटका हृदयाला बसतो. म्हणजे कुपोषित मुलाच्या बाबतीत खलनायक ठरलेलं द्रव्य इथे राखण करतं. २०११ मध्ये अमेरिकेत शॅरन मो यांच्या गटाने मूत्रपिंडाच्या रुग्णांना काही दिवस शाकाहारी आणि काही दिवस मांसाहारी जेवण दिलं. फॉस्फरस जवळपास सारखं असूनही शाकाहारी आठवड्यात रक्तातलं फॉस्फरस कमी राहिलं. फायटेट लघवीत कॅल्शियमचे स्फटिकही धरू देत नाही. परिचारिकांच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात, २००४ साली, जास्त फायटेट खाणाऱ्या तरुण स्त्रियांत खडे कमी आढळले. याउलट पाकिटबंद पदार्थांत घातलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं शोषलं जातं. एकाच तक्त्यात ‘डाळ कमी करा’ आणि बिस्किटांबद्दल चकार शब्द नाही, असं दिसतं तेव्हा मला राग येतो.

तिसरी शाखा लोकसंख्येच्या अभ्यासांची. १९९३ साली नेदरलँड्सच्या झुट्फेन गावातल्या ८०५ वयस्क पुरुषांचा अभ्यास आला. चहा, कांदा, सफरचंद यांतून फ्लॅव्होनॉइड जास्त घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होते. मग ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाला अतोनात भाव आला. गोळ्या निघाल्या, आणि पुढच्या चाचण्यांत त्या उताण्या पडल्या: फिनलंडमध्ये १९९४ साली बीटा-कॅरोटिनने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढला, २००० साली ‘ई’ जीवनसत्त्वाने हृदयविकार कमी झाले नाहीत. २०२२ मध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर कोको फ्लॅव्हेनॉलची चाचणी झाली. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, पण हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठाम फरक पडला नाही. दरम्यान १९९७ साली अमेरिकेत डॅश आहाराची चाचणी झाली होती. तिथे द्रव्यं वेगळी न काढता भाज्या, फळं, डाळी, दाणे आणि कमी स्निग्ध दूध असं पूर्ण ताटच दिलं होतं, आणि रक्तदाब काही आठवड्यांत उतरला. पालक, बीट, माठ यांतल्या नायट्रेटचं तोंडातले जंतू नायट्राइट करतात, त्यापासून रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड बनतं, हा त्यातला एक धागा. पोटॅशियम, मॅग्नेशियम, तंतू हे आणखी धागे. ते सुटे करून एकेकाला किती श्रेय द्यावं, हे अजून कुणालाच नीट जमलेलं नाही.

आणि इथेच हृदय आणि मूत्रपिंड यांची वाट फुटते. शरीरात आलेल्या पोटॅशियमपैकी सुमारे ९० टक्के मूत्रपिंडं बाहेर टाकतात. ती धड असतील तर डॅशसारखा आहार दोन्ही अवयवांना लाभतो. गाळण्याचा वेग, ज्याला अहवालात ईजीएफआर म्हणतात, बराच खाली आला की तेच पोटॅशियम रक्तात साचून हृदयाची लय बिघडवू शकतं, क्वचित थांबवूही शकतं. त्यामुळे भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकणं अशा रुग्णाला योग्य ठरतं. पुरणाच्या दिवशी हरभऱ्याच्या डाळीचा कट काढून केलेली आमटी घरातल्या सगळ्यांना चालते, या एका माणसाला नाही. म्हणजे शाळेत शिकवलेला धडा त्याच्यापुरता उलटा करावा लागतो. पण तो सगळ्या मूत्रपिंडरुग्णांना सरसकट लावणंही चूक आहे. रक्तातलं पोटॅशियम ठीक असताना भाजी-फळं तोडली, की तंतू जातात, बद्धकोष्ठ होतं, आणि पोटॅशियम बाहेर जाण्याचा आतड्याचा मार्गही अडतो. टेक्सासमधले गोराया आणि वेसन यांनी दाखवलं की रुग्ण नीट निवडले तर रक्तातली आम्लता कमी करायला फळं आणि भाज्या सोडा-बायकार्बोनेटच्या गोळ्यांइतक्या उपयोगी पडतात, आणि पोटॅशियम बिघडत नाही. मूत्रपिंडविकारांसाठीच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही प्राणिजन्य अन्नापेक्षा वनस्पतिजन्य अन्नाला झुकतं माप दिलं आहे. जुन्या तक्त्यांत ही दुरुस्ती अजून पोहोचायची आहे.

ऑक्झलेटचीही अशीच गोष्ट. खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध-दही बंद, असा सल्ला कित्येक वर्षं दिला गेला. १९९३ मध्ये गॅरी कुर्हान यांनी सुमारे ४५ हजार पुरुषांची माहिती तपासली तर जेवणातून कॅल्शियम जास्त घेणाऱ्यांत खडे कमी निघाले. २००२ मध्ये इटलीत लोरिस बोर्गी यांनी १२० पुरुषांवर पाच वर्षं चाचणी केली आणि पुरेसं कॅल्शियम, कमी मीठ, कमी मांस हा आहार कमी-कॅल्शियमच्या आहारापेक्षा स्पष्टपणे सरस ठरला. कारण साधं आहे: कॅल्शियम जेवणातच असलं तर ते ऑक्झलेटला आतड्यात पकडतं आणि दोघं शौचावाटे जातात. ताकातला पालक, ताकातली घोळ, अळूची ताकातली भाजी या आपल्या स्वयंपाकातल्या जोड्या इथे नव्याने पाहाव्याशा वाटतात. न्यूझीलंडमध्ये २००९ साली घोळीची पानं दह्याबरोबर मिसळून तपासली तेव्हा त्यातलं विरघळणारं ऑक्झलेट घटलं. आपल्या आज्यांनी हे आंबटपणासाठी केलं की घशाची खाज टाळण्यासाठी, मला ठाऊक नाही. पण त्यांची जोडी तपासात टिकली आहे. कच्च्या पालकाचा रोज पेलाभर रस पिण्याला मात्र ना ताकाची सोबत असते, ना उकळण्याची. अशा हिरव्या रसांनी मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. गोव्यात माशाच्या कालवणात दोन-चार पडणारी बिंबलं केरळमध्ये कोलेस्टेरॉल उतरवायला रस काढून प्यायली गेली, आणि तिथल्या दहा रुग्णांची मूत्रपिंडं एकाएकी बिघडल्याचं २०१३ मध्ये नोंदवलं गेलं. हृदयासाठी घेतलेलं मूत्रपिंडावर उलटलं. त्याच कुळातलं कमरख मूत्रपिंडाच्या रुग्णाला आणखी घातक: त्यातलं कॅरांबॉक्सिन बाहेर न पडता मेंदूपर्यंत जातं, न थांबणारी उचकी लागते, झटके येतात.

दिलसुखनगरवरून जाणारा विजयवाड्याचा महामार्ग पुढे नलगोंडा जिल्ह्यातून जातो. तिथल्या पाण्यातल्या फ्लोराइडने कित्येक पिढ्यांची हाडं वाकवली. फ्लोराइड बाहेर टाकायचं कामही मूत्रपिंडांचंच. पाणी शुद्ध करण्याची ‘नलगोंडा पद्धत’ तुरटी आणि चुन्याच्या साहाय्याने नागपूरच्या नीरी संस्थेने काढली. आणि राष्ट्रीय पोषण संस्थेत ए. एल. खंडारे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ताटाच्या बाजूने प्रश्न विचारला. शाळकरी मुलांना १८ दिवस जेवणात रोज १० ग्रॅम चिंच दिली तेव्हा लघवीतून जाणारं फ्लोराइड वाढलं. इथल्या चारूत म्हणजे रसममध्ये आणि आपल्या आमटीत रोज पडणाऱ्या चिंचेबद्दलचा हा शोध मला फार मोलाचा वाटतो, कारण तो इथल्याच दुखण्यावर, इथल्याच जिन्नसाने, मोजून केलेला आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांनाही तो लागू पडतो. मुलं धडधाकट होती, ही मर्यादा मात्र विसरता येत नाही. थकलेल्या मूत्रपिंडाला चिंच फ्लोराइड काढायला लावेल, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

मात्रेचा मुद्दा या पुस्तकात पुन्हा पुन्हा येतो. राष्ट्रीय पोषण संस्थेतच आर. डी. शर्मा यांच्या गटाने १९९० मध्ये मधुमेही रुग्णांना मेथीदाण्याची तेल काढलेली पूड दिली आणि साखरेबरोबर वाईट कोलेस्टेरॉलही उतरलं. ती पूड रोज १०० ग्रॅम होती, फोडणीतले दाणे नव्हेत. कॅनडात २०१३ साली पायाच्या रक्तवाहिन्या आखडलेल्या ११० रुग्णांच्या चाचणीत सहा महिने रोज ३० ग्रॅम जवस घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे १० अंकांनी कमी राहिला. मराठवाड्यातली जवसाची चटणी उत्तमच, पण चमचाभर चटणी म्हणजे ३० ग्रॅम जवस नव्हे, आणि चटणीत मीठ असतं. उलट ज्येष्ठमधाला थोडी मात्राही पुरते. त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे मूत्रपिंडातलं एक विकर बंद पडतं, कॉर्टिसॉल मोकाट सुटतं, शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम वाहून जातं आणि रक्तदाब चढतो. घशासाठी महिनोन्‌महिने ज्येष्ठमध चघळणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाला हे कुणीतरी सांगायला हवं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या वनौषधीत चुकून अ‍ॅरिस्टोलोकिया मिसळली गेली आणि कित्येक तरुण स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची गेली. आपल्याकडची ईश्वरी त्याच वंशातली. ‘वनस्पतीचं आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य मी ऐकते तेव्हा मला त्या स्त्रिया आठवतात.

हे सगळं आत्ताच का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि ३१ कोटींहून जास्त लोकांना उच्च रक्तदाब. हृदय आणि मूत्रपिंड, दोन्ही बिघडवणारी हीच दोन मुख्य कारणं. श्रीकाकुलमच्या उद्दानम भागात तर मधुमेह-रक्तदाबाशिवायच शेतकऱ्यांची मूत्रपिंडं जात आहेत. दुसरीकडे चूर्णं, कॅप्सूल, रस आणि पोटॅशियम घातलेलं ‘कमी सोडियमचं’ मीठ घराघरांत आलं आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांतल्या चाचणीत २०२१ साली अशा मिठाने पक्षाघात कमी केले, हे खरं आहे. मूत्रपिंड थकलेल्या माणसाला तेच मीठ धोक्याचं, हेही खरं आहे. पाकिटावर पहिली गोष्ट मोठ्या अक्षरात असते.

या पुस्तकात म्हणून ‘खा’ आणि ‘खाऊ नका’ अशा दोन याद्या नाहीत. प्रत्येक जिन्नसाकडे आधी निरोगी माणसाच्या, मग हृदयरुग्णाच्या, मग खडेवाल्याच्या, आणि शेवटी ईजीएफआर ६० च्या खाली उतरलेल्या माणसाच्या बाजूने पाहिलं आहे. वॉरफेरिन किंवा तत्सम रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांसाठी पालेभाजीतल्या ‘के’ जीवनसत्त्वाचा विचार वेगळा केला आहे. त्यांनी भाजी सोडायची नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. आकडे शक्यतो राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांतले घेतले, कारण ते भारतातल्या सहा विभागांतून गोळा केलेल्या ५२८ जिन्नसांवरचे आहेत. तरी माती, जात, ऋतू आणि पानाचं वय यांनी ऑक्झलेट बदलतं, म्हणून आकड्यांकडे पट्टा म्हणून पाहावं. माणसांवर तपासलेलं, प्राण्यांवर तपासलेलं आणि केवळ परंपरेने चालत आलेलं, हे तिन्ही वेगवेगळं सांगितलं आहे. भाज्यांची नावं मराठीबरोबर तेलुगूतही दिली आहेत. डायलिसिसवर असलेल्यांचा आहार दर महिन्याच्या तपासणीनुसार हलतो. त्यांच्यासाठी पुस्तकात तत्त्वं आहेत, प्रमाणं नाहीत, ती त्यांच्या आहारतज्ज्ञांनीच ठरवावीत. पुस्तक वाचायला घेताना क्रिएटिनिन, ईजीएफआर आणि पोटॅशियमचा ताजा अहवाल शेजारी असावा. मजकूर त्या तीन आकड्यांच्या हिशेबाने लावला आहे, आणि अहवाल बदलला की वाचायचं पानही बदलतं.